अंड्यांचा हिशेब

आमच्याकडे दिवस उजाडला की बारा वाजतात.
लेलिसेच्या मनगटावरचं घड्याळ परदेशी,
ते सहा म्हणतं.
दोघांत एकच घड्याळ. मंगळवारी माझं, गुरुवारी तिचं,
असं ठरलं होतं लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यात.
आता ते आठवडाभर तिच्याच हातावर असतं.
मी मागितलं नाही.
पट्ट्याला नवं भोक पाडून दिलं, खिळा तापवून.

अंधारात उठतो. पोटात काही घालत नाही,
ओंजळभर पाणी फक्त.
पोट जड असलं की चढ तुमच्या अंगावरून धावतो,
आमचा कोच म्हणतो.
बेकोजीची थंडी नाकातून शिरते, दातांना लागते.
तरसं परतत असतात आपल्या कामावरून,
आम्ही निघतो आमच्या.

निलगिरीच्या रानात सरळ कुणी धावत नाही.
झाडांमधून नागमोडी, एकामागून एक,
पुढच्याचं पाऊल उठलं की त्याच जागी आपलं.
पूर्वी ती माझ्या मागे असायची.
दोन वर्षं तिचा श्वास मी पाठीवर ऐकला.
आता तिच्या टाचा पाठ झाल्यात मला:
डावी किंचित आत वळते,
उजव्या मोज्याला माझ्या हातचं रफू.

परत आलो की बेसो.
भाजलेल्या जवाचं पीठ, पाणी, मध, चिमूट मीठ.
ती उभ्यानेच पिते. मी पायरीवर बसून
पेल्याच्या तळाचं बोटाने पुसून खातो.
मग ती झोपते. भर दिवसा, दार लावून.
आणि मी शिरो ढवळतो.

आई येते कधी बटाटे घेऊन.
गुठळ्या बघते, पळी माझ्या हातून काढून घेते.
शेजारी काय म्हणतात माहीत आहे का, विचारते.
माहीत आहे.
म्हणतात, गेमेचूची बायको पळाली.
विनोद जुना झालाय,
तरी दर आठवड्याला कुणीतरी नव्याने सांगतं
आणि मीही नव्याने हसतो.

बुधवारी, शुक्रवारी उपास.
दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही;
मसूर, बीट, कोबी, पुन्हा मसूर.
कोच कुरकुरतो, पाद्री हसतो,
लेलिसे दोघांपुढेही मान डोलावते
आणि शुक्रवारीच सगळ्यांत जोरात धावते.

बाकीच्या दिवशी अंडी. चार.
टोमॅटो-मिरचीत घोळवलेली, दोन तिची, दोन माझी.
माझी टाच सुजली त्या महिन्यात
तीन आणि एक झाली.
कुणी ठरवलं नाही. एकाच ताटातल्या
एकाच इंजेऱ्यावर जेवतो आम्ही, मध्ये बांध नसतो.
माझी बोटं हळू चालायला लागली, एवढंच.

ती विमानाने जाणार त्याच्या आदल्या रात्री
(सपाट शहर, म्हणे हवा तिथे दाट असते, चावून खावी इतकी)
तिने इंजेऱ्याचा तुकडा तोडला,
त्यात आख्खं अंडं गुंडाळलं
आणि माझ्या तोंडात कोंबलं.
भरवलेला घास नाकारत नाहीत आमच्यात.
एका घासाने भांडण लागतं, असंही म्हणतात,
म्हणून तिने दुसरा भरवला.
माझं तोंड इतकं भरलं
की मला जे म्हणायचं होतं ते गिळावं लागलं.
तिने ताट उचललं. विसळताना पाण्याचा आवाज जरा जास्तच केला.

टेफचं पीठ सोमवारी भिजवीन.
आंबायला तीन दिवस लागतात, ती गुरुवारी येते.

आज रानात गेलो, टाचेला फडकं बांधून.
घड्याळ तिच्यासोबत गेलंय.
झाडं होती तिथेच होती,
वाट पायांखालची,
पुढे मात्र कुणी नाही;
पहिल्या झाडापाशी थांबून बघत राहिलो
पाऊल ठेवायचं कुठे.