मध्यंतर

फोर्टातल्या एका लायब्ररीत मी जुन्या काचेच्या पट्ट्या स्कॅन करते.
पट्टीमागे अकरा रुपये. फुटली तर आपली जबाबदारी.
या आठवड्यात खोका नऊ: इजिप्त, पहिला मध्यंतर काळ.
मध्यंतर म्हटलं की मला नाट्यगृहातला बटाटेवडा आठवतो,
तिसऱ्या घंटेच्या आत संपवायचा.
हे मध्यंतर सव्वाशे वर्षं चाललं.

राजा होता म्हणे, पण फार लांब.
राजधानीतले कसलेले हात गावोगाव पोचेनासे झाले,
मग ज्याला जमेल तो छिन्नी घेऊन बसला.
म्हणून या थडग्यात एक खांब गोल, एक सहा बाजूंचा,
एक पोट सुटलेला.
डोंगर जसा आला तसे कोरलेले.
भायखळ्याच्या आमच्या इमारतीला
रिपेअर बोर्डाने लावलेले टेकू असेच उभे होते.
शेवटी शेवटी आम्ही त्यांना दोरी बांधून
कपडे वाळत घालायचो.

पट्टी सत्तावीस. हातभर दगड.
माणूस, डोळा जवळजवळ कानापर्यंत,
उजवा हात डाव्यापेक्षा बोटभर लांब.
मागे बायको, पायाशी कुत्रा. कुत्र्यालाही नाव.
मजकुराचा अर्थ कॅटलॉगात दिलाय:
हजार भाकऱ्या, हजार घडे बिअर,
हजार बैल, हजार बदकं.
हजार लिहायला त्यांच्याकडे एकच खूण, कमळाचं रोप.
दुष्काळात तेवढंच पीक आलं असेल.
आणि ओळ संपायच्या आत दगड संपला:
शेवटची तीन अक्षरं
माणसाच्या पोटऱ्यांमधून दाटीवाटीने खाली उतरलीत.

प्रतीक्षानगर, संक्रमण शिबिर, खोली तीनशे बारा.
तीन वर्षांचा तर प्रश्न, अप्पा म्हणाले होते,
पाटी कशाला?
सातव्या वर्षी त्यांनीच सलाम पेंटरला बोलावलं.
सलामने 'सीताकांत अनंत' ऐसपैस काढलं,
'तळगाव'पाशी दार संपलं,
'कर' चौकटीवर गेलं.
राहू दे, अप्पा म्हणाले,
आपल्याला कुठे इथे राहायचंय.
त्यानंतर पंधरा वर्षं राहिले.

त्या लांब हाताच्या माणसाला
कुणी सांगितलं नसेल, की बाबा, तू मधला आहेस.
आम्हाला कागदावर शिक्का मारून दिला होता.

दगडाच्या तळाशी एक विनंती आहे:
इथून जाणाऱ्या जिवंत माणसांनो,
माझं नाव घ्या.
पैसा लागत नाही,
तोंडाची वाफ तेवढी दवडा.

भाडेपावती अजून अप्पांच्याच नावावर.
वसुलीला दर वेळी नवा मुलगा येतो,
दारात उभा राहून मोठ्याने वाचतो:
सीताकांत अनंत तळगाव…
मान वळवतो, चौकट शोधतो,
कर.

थांबा, म्हणते मी. सुट्टे आणते.