नग चौदा

किन्हीच्या बुधवारच्या बाजारात
रेवाराम कासाराच्या दुकानाला लागून माझं पोतं.
पोत्यावर मी, सुईची मशीन, एक जुनी बॅटरी.
मी भांड्यांवर नावं घालतो.
अक्षराला दोन रुपये, काना-मात्रा फुकट.

सुईखाली भांडं खोटं बोलत नाही.
जर्मनचा गंज नुसता ओरबाडला जातो,
पातळ स्टील किंचाळतं, आतून फुगतं.
पितळ ऐकून घेतं.
लोखंडाला मी हात लावत नाही,
ते छिन्नीचं काम.

पंचफुलाबाई निखाडे आली तेव्हा
मिरचीवाले ढीग आवरायला लागले होते.
आश्रमशाळेच्या सैपाकातून परवाच सुटली.
सव्वीस वर्षं, एकशेऐंशी ताटं, दोन्ही वेळा.
आल्या आल्या तिनं हात घातला तो थेट
लग्नातल्या कढईला.
"बाई, घरी माणसं किती?" रेवारामनं विचारलं.
तिनं कढई खाली ठेवली.
"मी हाय ना."

मग तिचं पाहणं सुरू झालं.
काळ्या लेपाच्या तव्याची कड नखानं खरवडली,
नखात आलेलं काळं रेवारामच्या नाकापुढं धरलं:
"हे भाकरीसंग पोटात जाईन."
पातेल्याला टिचकी मारली.
आवाज बारीक, लांबत गेलेला.
"याले बूडच नाही. लाखोळीचं वरण
पयल्याच दिवशी लागन."
कानांचे रिव्हेट मोजले. नुसता डाख दिसला
की भांडं बाजूला.
फरशीवर ठेवून बोटानं ढकललं,
डुगडुगलं ते गेलं.
लहान लोखंडी कढई मात्र छातीपर्यंत उचलली
आणि तशीच उभी राहिली जरा वेळ,
शाळेत नवं आलेलं पोर जोखावं तशी.
"जड हाय.
मनगट हाय पण अजून."

शेवटी पितळेचा गंज.
भंडाऱ्याकडचा, जाड, आत ताजी कलई.
"किती टिकन?"
रेवारामनं ठेवणीतलं वाक्य काढलं:
"तुमच्या मागं राहीन, बाई."
ती त्याच्याकडं पाहतच राहिली.
"मंग वरच्या वर्षांचे पैसे मी कायले देऊ?
माह्यापुरता चालन तेवढाच दे."
लसूणवाला हसला, रेवारामही हसला.
मी बॅटरीची वायर उगाच काढून
पुन्हा लावली.

घेतला तरी तोच.
"कलई उडाली का यात अंबाडी नका शिजवू,"
तो सांगायला गेला.
"मले सांगतं?"

"काय घालू?" मी विचारलं.
बायका सांगतात लेकीचं नाव, नवऱ्याचं,
लग्नाची तारीख, अमक्यातमक्यांकडून.
ती गप्प.
मग म्हणाली, "शाळेच्या गंजावर
पांढऱ्या पेंटनं 'नग चौदा' होतं.
मी बी चौदाच म्हणो त्याले.
चौदा घासून ठेव वो. चौद्यात दूध तापव.
पोचला, तरी चौदाच."
आणि मग, "पंचफुला घाल."
आडनाव?
"नको."
श्रीमती वगैरे?
"काहीच नको."

मशीन सुरू केली.
पितळेचा बारीक कीस अंगठ्यावर बसत गेला.
'फु'चा उकार ओढत होतो,
तिनं मधेच हात आडवा धरला.
"वरच्या अंगाले घेतलं ना?
खाली जरा जागा सोड."
"कोणासाठी?"
"आता काय मालूम, बाप्पा."

चार अक्षरांचे आठ.
दहाची नोट दिली,
दोन रुपये मागून घेतले.

कढई डोक्यावर उपडी, गंज कमरेवर,
वांग्याच्या ढिगापाशी थांबली.
"पाच किलो," म्हणाली ती सवयीनं,
आणि लगेच हात हलवला, "नाही नाही. पावभर."
त्यानं वांगी गंजातच ओतली.
आवाज झाला तो बुडाचा,
आखूड, भरीव.
मधे सहा दुकानं होती,
मला इथं ऐकू आला.