दुसरा डबा

आमच्या चुलीपाशी दोन डबे असत.
मोठा आमचा.
दुसरा दूधपावडरीचा, झाकण चेपलेला.
तो कुणाचा, हे मला कुणी नीट सांगितलं नाही.
देवाचा म्हणावं तर देव भात खात नाही,
एवढं सहाव्या वर्षीच कळलं होतं.

आधणात तांदूळ वैरण्याआधी आई एक मूठ काढायची.
सकाळी एक, संध्याकाळी एक,
बोलता बोलता, भांडता भांडता.
थ्लामुआनाला धपाटा घालायला निघालेला हात
वाटेत त्या डब्यावर थांबून
मग पुढे जायचा.

शनिवारी पि चॉंगी चढ चढून यायची,
कपाळावर पट्टा, पाठीवर टोपलं, श्वास फुललेला.
घराघरांतल्या मुठी तिच्या टोपल्यात एक होत:
लाल, चिकट, कणीचा, जुना, कुबट.
कुणाची मूठ केवढी, ते तिला ठाऊक असे.
गावातली तेवढी एकच गोष्ट
ती कुणाला सांगत नसे.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणणाऱ्यांनी
तिचं टोपलं पाहिलेलं नसणार.

मग बांबूला फुलं आली.
डोंगर सुंदर दिसू लागले आणि म्हातारे गप्प झाले.
उंदीर आधी ऐकू आले,
उतारावर कुणी रात्रभर कोरडी पानं चाळवावीत तसे.
सकाळी लोंब्यांच्या जागी काड्या.

उपा रोखूमाने चर्चमध्ये सांगितलं,
यंदा मूठ नको. देवाला समजतं.
बायकांनी माना डोलावल्या,
घरी आल्या,
आणि मूठ काढली.
मी विचारलं, तर आई म्हणाली, "हात ऐकत नाही."
त्यात उपदेश नव्हता. थोडी लाजच होती,
खोकला आवरत नाही हे सांगताना असते तशी.

मूठ लहान होत गेली. मी बघत होते.
चार बोटं, तीन, मग नुसती चिमूट.
चिमटीत चाळीस दाणे. मी मोजले होते.
एकदा ते चाळीस मी डब्यातून परत काढले
आणि थ्लामुआनाला कच्चेच चारले.
शनिवारी पि चॉंगीने डब्यात पाहिलं, मग माझ्याकडे,
म्हणाली, "बरोबर आहे,"
आणि रिकाम्या डब्याचं झाकण
भरल्या डब्यासारखं जपून लावलं.

जूनमध्ये आमचा मोठा डबा वाजू लागला.
आई ठेवणीतलं पुआन नेसून चर्चच्या मागच्या खोलीत गेली.
तिथे मुठींचा तांदूळ अर्ध्या भावात मिळे.
ज्यांना तेही जमत नसे, त्यांच्या उधारीची वही
पि चॉंगी नेमकी घरी विसरून आलेली असे.

आईने तो तांदूळ सुपात पसरला.
लाल, चिकट, कणीचा, कुबट.
खडे निवडताना वाटलं, यातले काही दाणे आमचेच,
चढ, पट्टा, टोपलं, सगळं फिरून आलेले.
मी एकदोन ओळखलेसुद्धा.
आधण आलं. आईने सुपात हात घातला.
पहिली मूठ
दुसऱ्या डब्यात.

आता ऐझॉलमध्ये माझ्याकडे कुकर आहे, मापाचा कप आहे.
माझी मूठ महिन्याच्या पाच तारखेला
फोनवरून जाते, शून्यांसकट, पावती येते.
मी हातचं राखून देते, हे पावतीत दिसत नाही.

आई आली की डबा सोबत आणते. तोच, चेपका.
सांधे धरलेत, बोटं मिटत नाहीत,
फटींतून दाणे फरशीवर पडतात.
मी कप पुढे केला. म्हणाली,
"याला कुठे कळतं, आज घरात किती आहे ते."
मी वाकून सांडलेलं गोळा करू लागले.

"असू दे," ती म्हणाली.
"मुंग्यांचाही शनिवार असेल."