खिडकी बसवताना

वॉरंटनमध्ये, कोलंबिया नदी समुद्राला मिळते तिथे,
पाऊस पडत नाही,
नुसता असतो.

गाडी तीस वर्षांची, चाकांवरचं घर.
वडिलांनी ती आम्हा दोघींच्या नावे ठेवली,
माया म्हणून की खोडी म्हणून,
अजून ठरलेलं नाही.
इर्या वरच्या फळीवर झोपते, मी खिडकीखाली.
थेंब रोज रात्री माझ्या उशीपर्यंत येतो,
वाट पाठ असल्यासारखा.

"वरून सिलिकॉन मार," इर्या म्हणाली.
तिचं सगळं असंच. वरून.
मी म्हटलं, काढावी लागेल.

आतल्या चौकटीचे बावीस स्क्रू.
एकोणीस निघाले,
दोन गंजून डोक्याविना राहिले,
एक कुठे गेला ते गालिच्याला ठाऊक.
मग मी बाहेर, शिडीवर,
पत्र्याच्या कडेनं पुट्टीची पात सरकवत,
ती आतून तळव्यांनी रेटत.
"आली का?"
"थांब."
"आली का?"
आली.
एकदम, सगळ्या वजनानिशी, माझ्या छातीवर.

भिंतीला चौकोनी भोक
आणि भोकात माझी बहीण, काचेशिवाय.
तिच्या भुवयाही पांढऱ्या झाल्यात.
"बघतेस काय? खरवडायला घे."

राखाडी थराखाली पांढरा,
पांढऱ्याखाली पिवळा पडलेला,
दर सप्टेंबरचा एक.
आणि अगदी खाली, चौकटीच्या तळाशी,
दोन बारीक भोकं:
आत शिरलेलं पाणी बाहेर जावं म्हणून
कारखान्यानं मुद्दाम ठेवलेली.
तीही बुजवलेली.
सामनच्या कॅनरीत चाळीस वर्षं
डबे हवाबंद करणारा माणूस;
भोक दिसलं की त्याचा हात जायचाच.
अंगठ्यानं दाबलं होतं. ठसा अजून तसाच,
रेघ न् रेघ.

इर्या बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "टाचणी आण."

ठशाचा तो तुकडा मी फेकला नाही,
तिनंही नाही.
कुणाकडे आहे, हे आम्ही एकमेकींना विचारत नाही.

नवी पट्टी काळी, चिकट,
बोटाला लागली की दोन दिवस सोडत नाही.
काच परत भोकात, मी बाहेरून धरून,
ती आतून पिळते आहे स्क्रू,
समोरासमोरचे कोपरे, थोडं इकडे, थोडं तिकडे,
एकदम आवळायचं नाही,
जुनी भांडणं मिटवतात तसं.
कडेनं काळा ओघळ फुगून आला
तेव्हा तिनं आतून काचेवर टकटक केलं.
मला वाटलं, शाबासकी.
ती म्हणत होती, पाय काढ, शिडी हलतेय.

रात्री पाऊस होताच.
तळाच्या भोकांतून थेंब बाहेर, पायरीवर,
टप्, बराच वेळ काही नाही, टप्.
दिवा मालवल्यावर वरच्या फळीवरून,
"आलं का?"
मी उशी चाचपली.
"थांब."