तेवढं सोडून

लॅमिंग्टन रोडवरून साडेचार हजारांत आणला
जुना लॅपटॉप, वहिनीसाठी.
दुकानदार म्हणाला, डिस्प्ले एक नंबर.
कन्नमवार नगरात आणून उघडला
तर डाव्या काठाला उभी काळी रेघ,
बोटभर रुंद, वरपासून खालपर्यंत.
परत न्यायचा म्हणजे अर्धा दिवस मोडतो.
ठेवला.

तिच्याकडे मापांच्या अकरा वह्या.
छाती, मुंढा, बाही, मागचा गळा,
आणि खाली पेन्सिलीनं:
बेबीताई सांडव, डावा खांदा उतरता.
'हे सगळं त्यात बसव,' म्हणाली,
'आणि मला दहा ठिकाणी दाबायला लावू नकोस.'

दोन जीबीत विंडोजला धाप लागत होती.
लिनक्स घातलं.
मग प्रश्न उरला अंगावरच्या कपड्याचा.
आत यंत्र तेच, वर डेस्कटॉप कुठला?

पहिल्या रात्री ग्नोम.
देखणं, मोकळंढाकळं,
पण जे जिथं आहे ते तिथंच.
हलवू म्हटलं तर गोड बोलून नाही म्हणणारं.
तिनं दोन मिनिटं माऊस फिरवला.
'रेडिमेड आहे. काखेत धरतंय.'

दुसऱ्या रात्री केडीई.
इथं सगळंच बदलता येतं,
म्हणून मी सगळंच बदलत बसलो.
खिडक्यांचे कोपरे, सावलीची गडदी,
आणि खिडकी मिटताना लडबडावी की विरून जावी
यात पावणेदोन वाजले.
हायवेवरून ट्रेलर जात होते.
ती हातशिलाई करता करता बघत होती.
'अशी एक येते माझ्याकडे. लटकन निवडता निवडता
नणंदेचं लग्न होऊन गेलं.'

तिसऱ्या रात्री एक्सएफसीई.
चिन्ह उंदराचं, रंग राखाडी, पोत सुती.
यंत्राचा पंखा पहिल्यांदाच गप्प झाला.
अक्षरं अकराची पंधरा केली,
मेनू मराठीत आणला,
तर ती कचरापेटीपाशी अडली.
'कचरा कसला त्यात?
चिंध्या लिही. लागतात कधी कधी.'
लिहिलं. चिंध्या.

रेघ मात्र होतीच.
नावांची पहिली अक्षरं खायची.
बेबीताई सांडव नुसत्या बीताई झाल्या,
सुशीला लोटलीकर शीला.
मी फोन लावून नव्या पडद्याचा भाव विचारत होतो,
लॅपटॉपच्या निम्म्याच्या वर जात होता.

वहिनीनं दातात धरलेला दोरा तोडला.
'डाग पडलेला तागा कोण फेकतं?
तेवढं सोडून काप.'

सेटिंगमध्ये खोलवर सापडलं:
मार्जिन, डावीकडे, किती पिक्सेल.
'म्हणजे काय?' तिनं विचारलं.
म्हटलं, काठाशी रिकामी सोडायची जागा.
'आम्ही माया म्हणतो,' ती म्हणाली
आणि मशीनची सुई बदलायला वाकली.
चौसष्ट पिक्सेल सोडली.
खिडक्या एकदम शहाण्यासारख्या
रेघेच्या अलीकडे थांबायला लागल्या.

पंधरा दिवसांनी गेलो
तर खालची पट्टी उजव्या काठाला उभी.
घड्याळ गेलेलं, त्या जागी कॅल्क्युलेटर,
आणि मागे चित्र म्हणून
कुठल्याशा जांभळ्या खणाचा फोटो,
इतका जवळून काढलेला की धागे मोजावेत.
कुणी केलं?
'मीच. डाव्या हातात टेप असते ना.'

मला प्रिंटर सापडेना.
मेनू कुठं ठेवलाय तेही कळेना.
तिला विचारावं तर ती टेप लावून उभी,
बेबीताईंना म्हणत होती, सरळ उभ्या राहा,
खांदा अजून अर्धा इंच उतरलाय,
आणि मान न वळवता मला म्हणाली,
'थांब जरा. कशाला हात लावू नकोस.'