नऊशे चौसष्ट ग्रॅम

खरं तर गरज नव्हती.
जुना चालत होता, म्हणजे चालवला तर चालत होता.
बिजागरीला चिकटपट्टी,
पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीचा,
विम्याच्या फॉर्मांचं मराठी करता करता
मांडीला चटका.

मालाडच्या मॉलमध्ये चार रविवार गेले,
नुसतं बघायला.
काचेच्या टेबलावर तो अर्धा उघडा,
भिजवून सोललेल्या बदामाच्या रंगाचा,
कडेला इतका बारीक
की पाव कापावा.
ऋत्विज नावाचा सेल्समन म्हणाला, उचला ना मॅडम.
मी दोन्ही हात पुढे केले,
कुणाचं तान्हं घ्यावं तसे.
एकच हात कामाला आला.
दुसरा तसाच, ओशाळा, हवेत.

झाकण उघडताना आवाज नाही.
मिटताना मात्र एक, छोटासा, दाबलेला,
पैसेवाल्यांच्या घरात कपाटांना असतो तो.
त्या आवाजासाठी
मी अठरा हप्ते कबूल केले.

घरी आणल्यावर कळलं, याला भोकं दोनच.
पेनड्राइव्हसाठी वेगळं शेपूट विकत,
प्रिंटरसाठी आणखी एक.
असो.
देखणेपणाचे नखरे
मी कधी कुणाचे केले नव्हते.

शेजारची हायसिंथ केकच्या ऑर्डरी घेते.
तिने लोण्याचे हात पुसले,
तो मैद्याच्या काट्यावर ठेवला.
नऊशे चौसष्ट.
"किलोचा केकसुद्धा नाही गं,
आणि पैसे सात लग्नांच्या केकचे!"
मग स्वतःच परत उचलला,
ओट्यापासून खिडकीपर्यंत चालवत नेला,
उजेडात तिरका धरला.
बराच वेळ दिलाच नाही.

आता ऑर्लेमहून अंधेरीला जाताना
तो खांद्यावरच्या पिशवीत असतो
आणि दर दोन स्टॉपांनी मी हात घालून बघते,
आहे ना.
डॉक्टर म्हणाले होते, ओझं कमी करा.
केलं.
पण एकवीस वर्षं या खांद्याने
ओझ्यालाच हजेरी मानलंय.
हलकं लागलं
की त्याला चोरी झाल्यासारखं वाटतं.

काल मार्केटपाशी उतरले
आणि एक नारळ घेतला.
घरात दोन होते.
नारळ, मध्ये माझी ओढणी, मग तो.
पिशवीचा पट्टा पुन्हा जुन्या जागी रुतला,
आणि मी सिग्नल न बघता
बिनघोर पलीकडे गेले.