तिसऱ्या फेरीची तळटीप

पुस्तकाचं चौथं प्रकरण अडलंय
मल्लेशम चिलवेरींच्या उजव्या हातावर.

माझ्याकडे एक कात्रण आहे, कसरीनं कडा खाल्लेलं:
‘गिरणी कामगार मुष्टियुद्ध, सोलापूर.
चिलवेरी विजयी. तिसऱ्या फेरीत
दस्तगीर मुजावर चीत.’
चीत हा शब्द कुस्तीचा.
बातमीदाराकडे दुसरा नव्हता बहुतेक,
गावाकडेही नव्हता. तालमींचं गाव,
उभ्यानं ठोसे मारायचे म्हणजे इथं
एक तर भांडण, नाही तर दारू.

मग मी हजेरीची वही धरली.
गिरणी बंद पडली, साचे भंगारात गेले,
वही मात्र एका म्हाताऱ्या कारकुनाच्या माळ्यावर
नाडीनं बांधलेली.
तिच्यात मुष्टियुद्ध कुठेच नाही.
आहे ते असं:
चिलवेरी म., गैरहजर, दंड सव्वा रुपया.
चिलवेरी म., गेटवर झडती, सुताची वेस्ट पावशेर, दंड तीन रुपये.
चिलवेरी म., डोळा सुजला, धागा दिसत नाही, परत पाठवला.
एवढ्यावरून मी पाच लढती काढल्या.
ज्या दिवशी पगार कापला गेला
त्या दिवशी हा माणूस कुणाशी तरी लढत होता.

पावशेर वेस्टचा उलगडा पोशव्वांनी केला.
ग्लोव्हज कुठले आणायचे, म्हणाल्या,
टांग्याच्या गादीचं रेक्झीन कापलं,
आत ती वेस्ट कोंबली, सुई दोनदा मोडली.
अंगठा वेगळा शिवायचा असतो हे कुणाला ठाऊक?
बोलताना तेंदूपान कातरत होत्या, न बघता,
सूप मांडीवर.
रोज हजार विड्या. लढतीच्या आठवड्यात बाराशे,
कारण त्यांना अंडी लागायची.
अंड्यांचा हिशेब अजून तोंडपाठ.
लढतींचं त्यांनाच विचारा.

विचारलं.
साखर पेठेतली खोली, भिंतीपलीकडे
नातवाचे दोन पॉवरलूम टॉवेल विणतायत.
जन्मात एकदा सांगायची गोष्ट
मल्लेशमना ओरडून सांगावी लागली.

मी नाही पाडला त्याला.
काय?
मी! नाही! पाडला!
दस्तगीर रात्रपाळी करून आलेला,
वर दुसऱ्याच्या बदलीवर अर्धी दिवसपाळी.
भोंगा झाला तसा सरळ रिंगणात.
दुसऱ्या फेरीत माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं,
पंचाला वाटलं, मिठी मारून वेळ काढतोय.
अहो, घोरत होता तो.
तिसऱ्या फेरीत मी हात नुसता उचलला.
तो आधीच खाली. पोर झोपतं ना, तसा, कुशीवर.
पंच मोजायला लागला.
मी मनात म्हणत होतो, सावकाश मोज.

बक्षीस म्हणून चादर मिळाली, मोराची.
माझ्याच साच्यावरची. किनारीतली चूक ओळखली मी.
तीच त्याच्यावर टाकली आणि घरी आलो.

चादर घरी आली होती,
सुपावरून मान न उचलता पोशव्वा म्हणाल्या,
थोरली तिच्यातच वाढली.

मध्ये नुसता लूमचा आवाज.
तिला आठवत नाही, मल्लेशम म्हणाले.
या वेळी ओरडले नाहीत. मी ओठांवरून वाचलं.

दस्तगीर वारले त्याला अकरा वर्षं झाली.
मुलगी विजापूर वेशीत बांगड्यांचं दुकान चालवते.
अब्बा आणि मारामारी? हसली.
त्यांनी मुंगीवर हात उचलला नाही कधी.
झोप मात्र अशी, की दिवाळीचे फटाके
त्यांना सकाळी सांगावे लागायचे.

मी दोन्ही बाजू तळटिपेत लिहिल्या, खोडल्या,
पुन्हा लिहिल्या. मजकूर वर दीड ओळीचा,
तळटीप पाऊण पान.
चादरीचं काय करायचं, ठरत नाही.

काल रात्री वहीतलं दुसऱ्या दिवशीचं पान उघडलं.
चिलवेरी म., गैरहजर.
मुजावर द., हजर, पहिल्या भोंग्याला.